तोंड कुणाकडे करून बोलायचं?

१८८२ साली मराठी निबंधाच्या प्रांतात दोन गोष्टी घडल्या. १७ मार्चला विष्णुशास्त्री चिपळूणकर गेले; वय अवघं ३१. आणि त्याच वर्षी पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून ‘स्त्रीपुरुष तुलना’ नावाचा एक निबंध बाहेर पडला. प्रती ५००, किंमत नऊ आणे, लेखिका बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. चिपळूणकरांना मराठी गद्यात जो मान मिळाला तो आजतागायत टिकून आहे. ताराबाईंचं पुस्तक मात्र नव्वदएक वर्षं अडगळीत पडलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा कुठे आपल्याला कळलं की आपल्या वऱ्हाडात, मेहकर-चिखलीच्या रस्त्याने गेलं की लागणाऱ्या गावात, एका बाईने असं काही लिहून ठेवलं होतं.

वाशिम जिल्ह्यातल्या रिसोडला बसून मराठी निबंधाबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. त्यात अभिमानाचा भाग आहे, तो मी लपवत नाही. पण मोठं कारण निराळं आहे. निबंधकार भाषा कशी वापरतो आणि ती वापरता वापरता ‘आपण कोण’ या प्रश्नाला कसा भिडतो, हे ताराबाईंच्या पुस्तकात जितकं उघड दिसतं तितकं आपल्या मान्यवर निबंधकारांतही क्वचितच दिसतं. शैली म्हणजे अलंकार, असं आपण शाळेत शिकतो: इथे एक उपमा, तिथे एक दृष्टान्त, शेवटी सुभाषित. माझं म्हणणं असं की निबंधातली सगळ्यांत मोठी निवड अलंकारांच्या फार आधी होऊन गेलेली असते. लिहिणारा तोंड कुणाकडे करून उभा आहे, ही ती निवड. समोर कोण, पाठीशी कोण आणि आडून ऐकणारं कोण, हे एकदा ठरलं की लिहिणारा कोण हेही बहुतांशी ठरून जातं.

ताराबाईंच्या निबंधामागचा प्रसंग ठाऊक असेलच. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःच्या मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळली आणि हद्दपारी आली. वर्तमानपत्रांत चर्चा पेटली. ‘पुणे वैभव’ने तर समस्त बायकांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. या चर्चेची मांडणी बघण्यासारखी आहे. बोलणारे पुरुष, ऐकणारे पुरुष आणि जिच्याबद्दल बोलणं चाललंय ती तिथे हजरच नाही. सनातनी तिला नावं ठेवत होते, सुधारक तिची कणव करत होते. पण दोघंही एकमेकांकडे बघून बोलत होते.

ताराबाईंनी ही मांडणीच मोडली. प्रस्तावनेत त्या स्वतःला घरात कोंडलेली, अल्पबुद्धीची मराठा बाई म्हणवून घेतात. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला, सत्यशोधक विचारांचे. लेकीला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलेलं. तेव्हा ही नम्रता म्हणजे वस्तुस्थितीचं निवेदन नव्हे. तो डाव आहे, आणि उत्तम डाव आहे. माझ्यासारख्या कोंडलेल्या बाईलासुद्धा जे दिसतं ते तुम्हा विद्वानांना कसं दिसत नाही, असा त्याचा रोख. आणि प्रस्तावना संपते न संपते तोच त्या वळतात आणि थेट पुरुषांना ‘तुम्ही’ म्हणून बोलायला लागतात. शतकानुशतकं जिच्याविषयी तृतीयपुरुषात बोललं गेलं तिने द्वितीयपुरुषात उत्तर द्यायला सुरुवात केली. त्या निबंधातली सगळी ताकद या एका वळण्यात आहे.

पुढची कारागिरी बघा. स्त्री म्हणजे संशयांचा भोवरा, साहसांचं नगर, कपटांचं घर असं सांगणारा भर्तृहरीचा एक प्रसिद्ध श्लोक आहे. ताराबाई त्याच्यावर रागावून थांबत नाहीत. त्या आरोप एकेक करून सुटा करतात आणि प्रत्येकाशी पुरुषाला ताडून पाहतात. संशय कोण घेतं? साहस कोण करतं? कपट कुणाच्या हातून जास्त होतं? ज्या संस्कृत श्लोकाच्या जोरावर पंडित बोलायचे त्याचीच त्यांनी प्रश्नपत्रिका केली आणि उत्तरं पंडितांकडे मागितली. सावित्रीचंही तसंच. नवऱ्यासाठी ती यमाच्या दरबारापर्यंत गेली. बायकोसाठी त्या वाटेवर पाऊल तरी टाकलेला एखादा नवरा ऐकिवात आहे का, असा त्यांचा सवाल. गोष्ट जुनीच. कीर्तनात हजारदा ऐकलेली. पण ऐकणाऱ्याची जागा बदलली आणि पातिव्रत्याचा दाखला पुरुषांवरचा आरोप होऊन बसला.

आधुनिक जगण्याबद्दलही त्यांचं निरीक्षण तितकंच पक्कं आहे. इंग्रजी आमदानीत पुरुषांनी पेहराव बदलला, परदेशी माल घरात आणला, नोकऱ्यांसाठी सोवळ्याओवळ्याला मुरड घातली. मग धर्म बुडतो तो फक्त विधवेच्या पुनर्विवाहानेच कसा, असं त्या विचारतात. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या तेव्हाच्या लोकप्रिय कादंबऱ्यांतल्या बायका किती खोट्या आहेत हेही सांगतात. जुनं सोडायची मुभा कुणाला आणि जुनं सांभाळायची सक्ती कुणावर, हा आधुनिकतेचा मर्माचा प्रश्न त्यांनी त्या वेळी विचारला. भाषा घरातली, चुलीपाशी भांडताना वापरायची, म्हणी आणि शिव्यांसकट. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्या हाती आलेलं नाही.

चिपळूणकरांवर अन्याय करायचा नाही. १८७४ पासून ‘निबंधमाले’चे ८४ अंक त्यांनी काढले. लांब, तोल सांभाळणारं, वाद घालू शकणारं मराठी वाक्य त्यांनी घडवलं आणि आज मी हे जे लिहितो आहे त्यातही त्यांचा वाटा आहे. पण त्यांचा गाजलेला निबंध ‘आमच्या देशाची स्थिती’ वाचताना मला दर वेळी वाटतं, या घरात आपल्याला बसायला जागा कुठे? त्यांच्यासमोर इंग्रज राज्यकर्ता आणि इंग्रजी शिकलेला तरुण उभा आहे. पाठीशी जो देश आहे असं ते समजतात, त्यातला बराचसा देश त्या निबंधात फिरकतही नाही. आणि फुल्यांच्या पुस्तकांची पाळी आली तेव्हा युक्तिवादाइतकाच त्यांच्या भाषेचा, व्याकरणाचा उपहास त्यांनी केला. बोलणाऱ्याचं व्याकरण काढलं की त्याच्या म्हणण्याला उत्तर द्यायची जबाबदारी टळते. हे हत्यार आजही बोथट झालेलं नाही.

फुले स्वतः कसं लिहीत होते? ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली पूर्ण झाला, पण त्याआधी त्यातले भाग त्यांनी पुण्या-मुंबईत आणि जुन्नर, ओतूर, हडपसरसारख्या गावांत लोकांना वाचून दाखवले होते. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनीही ते ऐकले. म्हणजे ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांच्या कानांवरून तो मजकूर गेला होता. कलेक्टरच्या तंबूवर सारा कमी करून मागायला गेलेला आणि तिथून हात हलवत, चरफडत परतणारा कुणबी त्यांनी रंगवला आहे. त्याचं घर, त्याचं अंगावरचं, त्याचं स्वतःशीच पुटपुटणं. ते वर्णन इतकं बारीक आहे याचं कारण मला हेच वाटतं की ऐकणाऱ्यांत तसे कुणबी बसलेले असणार. त्यांच्यासमोर थापा चालल्या नसत्या.

इथे एक आक्षेप येतो आणि तो साधा नाही. खरं बोलणाऱ्याला असल्या डावपेचांची गरजच काय? वक्तृत्व म्हणजे भुलवणं. साधं सरळ लिहावं. आपल्या संतपरंपरेतून आलेला हा संशय आपल्या रक्तात आहे आणि निवडणुकीच्या सभा ऐकून तो पक्का होतो. पण साधेपणा हीसुद्धा एक तऱ्हाच आहे. ज्याला समोरचा ऐकून घेणारच आहे त्याला साधं बोलणं परवडतं. शिवराम महादेव परांजप्यांनी १८९८ पासून ‘काळ’ हे साप्ताहिक चालवलं ते व्याजोक्तीच्या बळावर, कारण समोर वाचक होता आणि आडून सरकारी भाषांतरकार वाचत होता. स्तुतीच्या वेशात निंदा लिहिणं ही त्यांची हौस नव्हती. तरीही १९०८ साली राजद्रोहाखाली तुरुंग चुकला नाहीच. ज्याच्या डोक्यावर तलवार टांगलेली असते त्याचं वाक्य वळण घेतं, आणि ते वळणच त्याच्या काळाविषयी सगळ्यांत खरी साक्ष देतं.

विसाव्या शतकात निबंधाने आवाज खाली आणला. १९२० च्या दशकात ना. सी. फडक्यांच्या गुजगोष्टी आल्या, मागून अनंत काणेकर, खांडेकर. निबंध बैठकीत आला, खुर्चीत बसला, चहा घेऊ लागला. या लघुनिबंधाने मराठी गद्याला जो मोकळेपणा दिला तो नाकारू नये. पण त्यातला ‘मी’ कुठला, काय करणारा, कुणाच्या घरातला, हे त्याला सांगावंच लागत नाही, कारण समोर बसलेलाही तसलाच आहे. जिथे बोलणारा आणि ऐकणारा एकाच आळीतले असतात तिथे ओळखीचा प्रश्नच उठत नाही. लघुनिबंध पुढे वाळत गेला त्याचं एक कारण मला हे दिसतं.

तो प्रश्न पुन्हा उठवला इरावती कर्व्यांनी. ‘परिपूर्ती’ हे त्यांचं पुस्तक १९४९ चं. शीर्षकाच्या लेखात एका सभेत त्यांची ओळख करून दिली जाते ती थोर सासऱ्यांची सून, नामवंत नवऱ्याची पत्नी अशी. काहीतरी राहिलं असं त्यांना वाटत राहतं. मग रस्त्यात शाळकरी पोरं एकमेकांना दाखवतात की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि वर्तुळ पुरं होतं. डेक्कन कॉलेजातली मानववंशशास्त्राची विदुषी, आणि तिच्या ओळखीत तिचं स्वतःचं काम कुठेच नाही! तक्रार करावी की समाधान मानावं, लेख काहीच सांगत नाही. वाचणारी बाई हसते आणि मग थांबते. ताराबाई समोरच्याला जाब विचारतात. इरावतीबाई जाब विचारत नाहीत, त्या पुरावा नुसता टेबलावर ठेवतात. पुण्याच्या विद्वान वर्तुळात उभं राहून बोलताना हाच मार्ग खुला होता, असं मी मानतो. आणि तो कमी धारदार नाही.

त्याच पुस्तकातला ‘वाटचाल’ हा लेख मात्र मला जास्त जवळचा. पालखीबरोबर त्या चालत पंढरपूरला गेल्या. ज्या भूमीतली माणसं पंढरीला जातात ती महाराष्ट्र, अशी ओळख त्यांना त्या वाटेवर सापडली. पण त्याच लेखात त्या हेही नोंदवतात की एका दिंडीत चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगवेगळे बसत होते, आणि त्याचं दुःख त्यांना रोज होत होतं. दोन्ही गोष्टी एकाच लेखात, एकमेकींना न पुसता. शेगावची गजानन महाराजांची पालखी आषाढीला जाताना आमच्या रिसोडातून जाते. शिरपूर जैनकडून ती येते, पुढे सेनगावकडे जाते. रस्त्याकडेला चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू घेऊन लोक उभे असतात आणि गावाला आपण एक असल्याचा प्रत्यय येतो, तो खोटा नसतो. मात्र त्याच गावात स्मशानं किती आहेत, हे निबंधकाराने त्याच पानावर लिहिलं पाहिजे. इरावतीबाईंनी ते शिकवलं.

दोन दिशांना एकाच वेळी बोलण्याची कला आंबेडकरांच्या ‘बहिष्कृत भारता’त परिपक्व झाली. मार्च १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला आणि एप्रिलमध्ये पत्र सुरू झालं. रकानेच्या रकाने बाबासाहेब स्वतः लिहीत. लिहिलंय आपल्या माणसांसाठी, पण स्पृश्य वाचक प्रत्येक ओळ ऐकतो आहे याची जाण शब्दाशब्दांत. अमेरिकेत जेम्स बाल्डविनने पुढे पुतण्याला पत्र लिहिलं, १९६३ च्या त्याच्या पुस्तकात ते आहे. नाव पुतण्याचं आणि ऐकायला सगळा गोरा देश. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ च्या ‘साधना’त राजा ढालेंनी राष्ट्रध्वजाच्या अपमानाचा दंड आणि दलित बाईच्या अब्रूचा दंड अशा दोन रकमा शेजारी शेजारी ठेवल्या. दोनच आकडे, आणि महाराष्ट्र हादरला.

आता आपल्या भागाकडे. काव्यशास्त्रात वैदर्भी ही सर्वोत्तम रीती. वामनाच्या मते सगळे गुण तिच्यात एकवटलेले. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. वत्सगुल्म म्हणजे वाशिम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ज्या मुलखाच्या नावाने एके काळी प्रसन्न, गोड शैली ओळखली गेली त्याच मुलखाची बोली आज मराठी नाटक-सिनेमात हशा पिकवण्यापुरती उरली आहे. नोकराने, गावठी माणसाने बोलायची भाषा. याची सल मला आहे. आणि जास्त सल याची की आम्हीही ते मान्य करून टाकलं.

रिसोडची ओळख तशी गुंतागुंतीची. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे आलं, तेव्हा पैनगंगेच्या अलीकडे कंपनी सरकार आणि पलीकडे निजाम. १९०५ साली वाशिम जिल्हा मोडून आमचा भाग अकोल्याला जोडला, १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा पुन्हा वेगळा केला. मधल्या काळात मध्य प्रांत, मध्य प्रदेश, द्विभाषिक मुंबई, महाराष्ट्र. एका आयुष्यात इतकी सरकारं पाहिलेली माणसं माझ्या लहानपणी होती. आमच्या बोलण्यात वऱ्हाडी आहे, हिंगोलीकडची मराठवाडी आहे, उर्दू आहे. शेतात ज्वारी-कापसाच्या जागी सोयाबीन आलं. पोरं पुण्यात, चाकणला कंपन्यांत आहेत. आणि आमचे लिहिणारे काय लिहितात? गावाकडच्या आठवणी. चूल, आजी, विहीर, सुगी. हे लेखन वाईट मनाने केलेलं नसतं. पण ते तोंड पुण्याकडे करून केलेलं असतं. शहरातल्या वाचकाला गाव जसं हवं तसं ते वाढलं जातं. इथे राहणाऱ्याला त्यात इथलं काही सापडत नाही, कारण इथे आता कोचिंग क्लास आहेत, कृषिकेंद्रांच्या उधाऱ्या आहेत, लग्न न जमलेली पस्तिशीची मुलं आहेत. या मुलांकडे तोंड करून लिहिलेला एक तरी निबंध मला वाचायचा आहे.

ही सवय लागते कुठे, तर शाळेत. दहावीच्या मराठीत आत्मकथनाचा प्रश्न असतो. शेजारची एक मुलगी ‘शेतकऱ्याचे मनोगत’ लिहून माझ्याकडे घेऊन आली. वही सुवाच्य. ‘मी बळीराजा, जगाचा पोशिंदा’ अशी सुरुवात, पुढे काळी आई, मोत्यांचे दाणे, घामाचे थेंब, शेवटी तरुणांना संदेश. सगळं गाईडातलं. तिच्या वडिलांचं पाच एकर सोयाबीन. चारच दिवसांआधी ती त्यांच्यासोबत माल विकायला गेली होती, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, तिथं काय झालं ते का नाही लिहिलंस? ती म्हणाली, “काय लिवू काका, बाबा तं काहीच नाही बोलले. त्या मानसानं मशीन लावली, म्हने पंधरा लागलं. बाबानं हातातलं सोयाबीन पोत्यात टाकलं अन् पट्टी घेऊन आले.”

पंधरा म्हणजे ओलावा. हमीभावाच्या खरेदीला मर्यादा १२ टक्क्यांची. २०२४ च्या हंगामात ती १५ पर्यंत सैल केली होती. हमीभाव त्या वर्षी क्विंटलला ४,८९२ रुपये. खुल्या बाजारात व्यापारी यंत्राचा आकडा सांगतो आणि त्या आकड्यावर भाव तोडतो. शेतकऱ्याच्या हातात दाणे असतात, यंत्र नसतं. तिचे वडील बोलले नाहीत, याला कारणं आहेत: उधारी, गाडीचं भाडं, परत न्यायचं तर पुन्हा हमाली. तिच्या तीन वाक्यांत हे सगळं होतं. वहीतल्या दीड पानात यातलं एक अक्षर नव्हतं. वहीतला शेतकरी अखंड बोलतो, पण कुणाशी बोलतो? तपासणाऱ्याशी. घरातला शेतकरी ज्याच्याशी बोलायला हवं त्याच्यासमोर गप्प बसतो. पोरांना आपण निबंधाच्या नावाखाली मुखवटा घालायला शिकवतो आणि तो मुखवटा त्यांच्याच बापाचा असतो, हे मला असह्य वाटतं.

मुलीला दोष नाही, शिक्षकांनाही द्यायचा नाही. गुण ज्या वाक्यांना मिळतात तीच वाक्यं लिहिली जातात. बदल प्रश्नातच करावा लागेल. ‘शेतकऱ्याचे मनोगत’ काढून टाका. त्याऐवजी विचारा: तुमच्या घरचा माल घेताना भाव पाडला गेला, घेणाऱ्याला पत्र लिहा. आता गाईड कामाला येणार नाही. तिला त्या दिवसाचा भाव विचारून घ्यावा लागेल, ओलाव्याची मर्यादा शोधावी लागेल, पट्टीवरच्या कपाती वाचाव्या लागतील. सुरुवातीला ‘शेठ’ लिहायचं की ‘साहेब’, विनंती कुठपर्यंत करायची आणि हिशेब कुठून मागायचा, पुढच्या हंगामात पुन्हा त्याच दारात जायचं आहे हे लक्षात ठेवून कोणतं वाक्य सौम्य करायचं आणि कोणतं अजिबात करायचं नाही, हे तिचं तिलाच ठरवावं लागेल. आणि बाबा का बोलले नाहीत, हे लिहिण्याआधी त्यांना विचारावं लागेल.